लेकराच्या हातातला बिस्कीटचा पुडा सोडवायचा कसा: सहा महिन्यांपासून पुढचं सगळं, क्रमाने

गेल्या महिन्यात एकाच गल्लीतल्या तीन आयांनी मला जवळपास तीच गोष्ट सांगितली. "ताई, तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही बिस्कीट एकदम बंद केलं, दोन दिवस पोट्टं रडरड रडलं, तिसऱ्या दिवशी सासूबाईनं पुडा आणून हातात दिला." संपलं. आता तिघी म्हणतात की हे आपल्या घरी होणारं काम नाही.

होणारं आहे. फक्त सगळेजण शेवटची पायरी आधी करतात, म्हणजे पुडा आधी बंद करतात आणि त्याच्या जागी काय द्यायचं, कोण देणार, किती वाजता देणार हे ठरलेलंच नसतं. सकाळी आठला आई धुण्याभांड्याच्या कामाला निघते, लेकरू आजीकडे नाहीतर नऊ वर्षांच्या ताईकडे, गॅस पेटवायची सोय नाही किंवा सिलिंडर पुरवायचं टेन्शन, आणि पाच रुपयाचा पुडा चहात बुडवला की लेकरू अर्धा तास शांत. त्या घरात पुडा हा खाऊ नसतो, सोय असते, त्यामुळे दुसरी तेवढीच सोपी सोय हाताशी तयार झाल्याशिवाय तो हलत नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका. मी उत्तर नागपुरात वस्त्यांमध्ये वजनकाटा आणि दंडाची पट्टी (लेकराच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी) घेऊन घरोघरी फिरते, जिथे हे जमलं तिथे याच क्रमाने जमलं.

सुरू करण्याआधी एक तपासणी

लेकराच्या दोन्ही पायांवर सूज असेल, दंडाची पट्टी लाल दाखवत असेल (६ महिन्यांच्या पुढच्या मुलात ११.५ सेंटिमीटरच्या खाली), लेकरू सुस्त पडलेलं असेल किंवा अंगावर पिणंच सोडलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयात, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. घरच्या वाटीने भागेल अशी ती वेळ नाही.

१. दोन दिवस फक्त लिहून काढा

काहीच बंद करायचं नाही, काहीच नवीन द्यायचं नाही. एका कागदावर तीनच गोष्टी लिहा: लेकराच्या तोंडात काय गेलं, किती वाजता, आणि कोणी दिलं. लिहिता येत नसेल तर मोठ्या पोट्ट्याकडून लिहून घ्या किंवा मोबाईलवर बोलून ठेवा.

यात "थोडंसंच चाटवलं" हेही धरायचं. चहाचं बोट, बाबाच्या ताटातली तर्री, शेजारणीने दिलेला पोंगा, दुकानातल्या भाऊने प्रेमाने दिलेली गोळी, सगळं. (तर्री चाखवायची आपल्या इकडे भारीच हौस, लेकराने तोंड वाकडं केलं की सगळे हसतात. त्याच्या पोटाला मात्र हसू येत नाही.)

एका घरचा कागद मला आठवतो. सकाळी ६ला चहा-बिस्कीट, आजी. ९ला बिस्कीट, आजी. ११ला कुरकुरीत पोंगे, ताई. २ला आई आली, अंगावर दूध. ५ला टोस्ट, आजी. ८ला बाबा आले, क्रीमचं बिस्कीट. लेकरू दहा महिन्यांचं, आणि अख्ख्या दिवसात भाताचं एक शीत नाही. आई म्हणत होती, "ते जेवतच नाही ना ताई." जेवणार कुठून, पोटात जागा कुठे आहे?

तपासा: कागदावर पुड्याच्या वेळा किती आहेत त्या मोजा. पुढे बदल करायचा आहे तो याच वेळांना.

पैशाचंही बघून घ्या. दिवसाला पाचचे दोन पुडे म्हणजे महिन्याला ३०० रुपये. अंडं साडेसात रुपयाला धरलं तर तेवढ्यात ४० अंडी येतात. हा हिशोब बाबांना दाखवा, त्यांना तो आईच्या बोलण्यापेक्षा लवकर पटतो असा माझा अनुभव आहे.

२. वय नीट मोजा: "सहावा लागला" आणि "सहा पूर्ण झाले" यात महिन्याचा फरक आहे

सगळ्यात जास्त चूक इथेच होते आणि ती आपल्या बोलण्यातूनच होते. "सहावा लागला जी" म्हणजे पाच महिने पूर्ण. वरचं खाणं सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे १८० दिवसांनंतर. १४ जानेवारीला जन्म असेल तर १४ जुलै. तारीख पाहून मोजा, उष्टावणाचा मुहूर्त आधी निघाला तर मामाला सांगा चमचा ओठाला लावून फोटो काढा आणि खाली ठेवा.

त्या आधी फक्त आईचं दूध. पाणी नाही, गुटी नाही, मध नाही, साखरपाणी नाही, वरणाचं पाणी नाही, बिस्कीट तर नाहीच नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ला गेला तरी पाणी नाही, आईच्या दुधातच ८७ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, गरमीत लेकराला जास्त वेळा अंगावर घ्या आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावं. मध तर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटावरही नको, त्यातल्या जंतूंमुळे लहान बाळाला बोट्युलिझम नावाचा जिवावरचा आजार होऊ शकतो.

आणि उशीरही करू नका. काही घरात "दात आले की देऊ" म्हणून आठवा-नववा महिना उजाडतो. पोटात असताना आईकडून साठवलेलं लोह सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येतं, दुधातून ते पुरत नाही. दात नसले तरी हिरडीने लेकरू मऊ अन्न छान चावतं.

तपासा: सहा महिने पूर्ण, मान पक्की, आधाराने बसतं, चमचा दिसला की तोंड उघडतं. हे सगळं असलं की पुढे चला.

३. सामान: एक वाटी, एक चमचा, एक डबी

लेकराची वाटी वेगळी पाहिजे. सगळ्यांच्या ताटातून एकेक घास भरवला तर किती खाल्लं ते कोणालाच कळत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने भरवलं असेल. वाटी साधारण पाव लिटरची घ्या. माप कळत नसेल तर अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीतलं अर्धं दूध त्यात ओतून बघा, काठोकाठ आलं की तीच वाटी. आतून अर्ध्यावर खिळ्याने बारीक रेघ ओढून ठेवा म्हणजे आजीलाही "रेघेपर्यंत" एवढं सांगितलं की भागतं.

छोटा चमचा. घट्ट झाकणाची स्टीलची डबी. हात धुवायला साबण, लेकराचेही हात धुवायचे, ते रांगतं आणि तोच हात तोंडात घालतं.

थांबा: दुधाची बाटली या यादीत नाही. बाटलीत चहा भरून देताना मी बघितलंय, एकदा नाही, बऱ्याचदा. बाटलीचं बूच घरी नीट स्वच्छ होत नाही आणि हगवण तिथून सुरू होते. वाटी-चमचाच.

४. पहिले पंधरा दिवस: घट्ट, मऊ, थोडं

आता मुख्य काम. पुडे अजून चालू असले तरी चालतील, हा टप्पा आधी बसू द्या.

पहिल्या दिवशी २-३ छोटे चमचे, दिवसातून दोनदा. एवढंच. तोंडातून बाहेर ढकलेल, ते नावड नसते, जिभेला अजून ओढायचीच सवय आहे, गिळायची शिकतंय.

काय द्यायचं? वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. घरात वरण-भात होतोच, कुकरमधून काढल्यावर वरणात मीठ, तिखट, फोडणी पडायच्या आधी लेकराच्या वाटीत घट्ट डाळ काढून घ्या, त्यात गरम भात, आणि चमच्याच्या पाठीने वाटीच्या कडेला दाबून दाबून मळा. मिक्सर नको, मिक्सरमधलं गुळगुळीत झालं की लेकरू चावायला शिकत नाही आणि पुढे दाणा लागला की ओकारी काढतं. मळलेल्यात एक छोटा चमचा तेल किंवा तूप. तेल साधं घरचं फल्लीचं (शेंगदाण्याचं), सोयाबीनचं, कोणतंही. तुपासाठी अडून बसू नका.

एक वर्षापर्यंत मीठ वेगळं घालू नका, आणि साखर-गूळ दोन वर्षांपर्यंत नको. "अळणी कसं खाईल?" आपल्याला अळणी लागतं, त्याला मीठ माहीतच नाही. ज्याला आधी बिस्कीट मिळालं त्याला मात्र वरण-भात फिका लागतो, आणि म्हणूनच पहिली चव कोणती लागते याला एवढं महत्त्व आहे.

आता ती मोठी चूक. वरणाचं पाणी.

एक आई मला कौतुकाने दाखवत होती, "रोज एक गिलास डाळीचं पाणी देते." गिलास उन्हात धरला तर पिवळं पाणी, पलीकडचा दरवाजा दिसत होता. तळाशी डाळीचा बोटभर थर, तो भांडं घासताना नळाखाली जायचा. मी तिच्याच घरातला चमचा घेतला, तळाची डाळ भातात मळली, चमचा भरून आडवा केला आणि तिला म्हटलं बघ. पडलं नाही, हळूच सरकलं. तेवढं घट्ट पाहिजे. मग पाण्याचा चमचा आडवा केला, तो तर आम्ही दोघी बोलतानाच जमिनीवर सांडला.

कारण साधं आहे. लेकराचं पोट एका किलो वजनामागे साधारण ३० मिलीचं, म्हणजे सात किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिली मावतं. ते पाण्याने भरलं तर पोट फुगतं, भूक मरते आणि अंगाला काही लागत नाही. पेज, सूप, डाळीचं पाणी, पातळ खीर, चहा, सगळ्याची हीच गत.

तपासा: दर वेळी पहिला चमचा आडवा करून बघायचा. सांडला तर भात किंवा डाळ वाढवा.

नवीन गोष्ट एका वेळी एकच, मग दोन-तीन दिवस थांबून दुसरी. अंगावर गांधी, ओठाला सूज, सारखी उलटी असं काही झालं तर ती थांबवून दवाखान्यात दाखवा. नुसतं तोंड फिरवलं म्हणून मात्र यादीतून काढू नका, एखादी चव पटायला आठ-दहा वेळाही द्यावी लागते. पहिल्या दिवशी पालक थुंकला म्हणून "याला पालक आवडत नाही" असं त्याच्या वतीने जाहीर करणारे लोक आपल्यात फार.

५. पुड्याची जागा घेणारी डबी: सातूचं पीठ

आई सहा तास बाहेर असेल तर शिजवलेला वरण-भात सकाळी काढून दुपारी भरवता येत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात टिनाच्या घरात शिजलेलं अन्न तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका, वास आला नाही तरी बिघडलेलं असू शकतं. बिस्कीट इथेच जिंकतं, ते बिघडत नाही. म्हणून आपल्यालाही न बिघडणारं कोरडं काहीतरी पाहिजे, आणि ते आपल्याकडे आहेच.

घ्या: ४ वाट्या गहू (ज्वारी किंवा तांदूळही चालतो), २ वाट्या फुटाण्याची डाळ, १ वाटी फल्लीदाणे.

गहू निवडून, धुऊन, कापडावर कडक वाळवा. मंद आचेवर भाजा, तडतडून खमंग वास येईपर्यंत, आतून पूर्ण भाजला पाहिजे, दाणा तोडून बघा, मधे पांढरा कच्चा राहिला तर अजून भाजा. फल्लीदाणे वेगळे भाजा आणि सालं काढा. काळपट, सुरकुतलेले, कडू, बुरशीचा वास असलेले दाणे एकेक करून फेका, त्या बुरशीचं विष भाजून जात नाही. फुटाणे भाजलेलेच असतात, त्यांना नुसता शेक. सगळं थंड झाल्यावर दळा, गिरणीवर देत असाल तर तिखट दळल्यावर लगेच देऊ नका, तो घाण विनोद माझ्याबरोबर झालेला आहे, आठ दिवसांचं पीठ वाया गेलं.

आठ-दहा दिवस पुरेल एवढंच करा. दाण्याचं तेल उन्हाळ्यात खवट होतं. डबी घट्ट, चमचा कोरडा.

द्यायचं कसं: तीन मोठे चमचे पीठ, उकळतं पाणी थोडं थोडं घालत ढवळायचं, गुठळी मोडायची, शक्य असेल तर दोन मिनिटं गॅसवर शिजवायचं, अर्धा चमचा तेल. कोमट झालं की भरवायचं. गोडीसाठी अर्धं पिकलं केळ कुस्करून. आजीला गॅस लावायला नको वाटत असेल तर सकाळी थर्मासमध्ये उकळलेलं पाणी भरून ठेवा. लहान ताई घर सांभाळत असेल तर मात्र उकळत्या पाण्याचं काम तिच्यावर टाकू नका, तिच्यासाठी केळ कुस्करणं आणि उकडलेलं आलू सोलून मळणं एवढंच ठेवा.

अंगणवाडीतून मिळणारा टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा कोरडा आहार, हाही यासाठीच आहे. चूक एकच होते, पाकीट येतं त्या दिवशी त्याच्या वड्या किंवा शिरा करून अख्खं घर खातं. पाकिटावर लेकराचं नाव लिहा, वरच्या फळीवर ठेवा. त्यात साखर आधीच असेल तर वरून घालू नका, आणि दिलेली तारीख बघून घ्या.

थांबा: डब्यातलं महागडं बेबी फूड कोणी "घ्याच" म्हणून गळ्यात मारत असेल तर लक्षात ठेवा, दोन वर्षांखालच्या बाळांच्या खाण्याची जाहिरात करायला १९९२च्या कायद्याने (२००३ साली तो आणखी कडक झाला) आपल्या देशात बंदी आहे. फुकट नमुना वाटणंही बंद. उधारी करून तो डबा आणायची गरज नाही.

६. महिन्याप्रमाणे वाटी

६ ते ९ महिने: हळूहळू वाढवत रेघेपर्यंत, म्हणजे अर्धी वाटी, दिवसातून २-३ वेळा. मधे अंगावर दूध मागेल तेवढं.

९ ते १२: अर्धी वाटी ३-४ वेळा, शिवाय मधल्या वेळी एक-दोनदा काहीतरी. आता मळायचं नाही, बारीक चुरायचं. हाताने उचलून खाऊ द्या, सांडू द्या.

१२ ते २४: पाऊण ते एक वाटी ३-४ वेळा, मधलं एक-दोनदा. घरातलंच जेवण, तिखट वेगळं काढून. अंगावर दूध दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू.

गाईचं-म्हशीचं दूध वर्षाच्या आत जेवणाच्या जागी नको, आणि पाणी घालून पातळ केलेलं तर अजिबात नको.

वाटीत नुसता भात राहू देऊ नका. भाताला डाळ, डाळीला एक रंगीत भाजी, वरून तेल, आणि जमेल त्या दिवशी अंडं. अंडं सहा महिन्यांनंतर चालतं, कडक उकडून कुस्करून द्या. मटण घरात होत असेल तर कलेजीचा तुकडा आधी वेगळा शिजवून बारीक ठेचून भातात घाला, ते रस्स्यापेक्षा कितीतरी कामाचं. सावजीचा रस्सा पाजून "मटण खाल्लं" म्हणू नका. भाज्यांत कोहळं (लाल भोपळा) हे आपल्याकडचं सोनं आहे, स्वस्त, मऊ, गोडसर, कुकरमध्ये डाळीबरोबरच शिजतं. पालक, चवळई, गाजर. हिवाळ्यात संत्रं आहेच, फोडीचं पांढरं साल आणि बी काढून नुसता गर द्या, जेवणाबरोबर दिला तर त्यातलं सी जीवनसत्त्व डाळी-पालकातलं लोह अंगाला लागू देतं. चहा याच्या बरोबर उलट करतो, लोह अडवतो, म्हणून चहाचं बोटही नको. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत ६ महिने ते ५ वर्षांची ६७ टक्के मुलं रक्ताने कमी निघाली होती, म्हणजे आपलं लेकरू त्यात असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त.

आशाताईकडून लोहाचं औषध मिळतं, सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली. बाटली आणून फ्रिजवर ठेवलेली असते, वार ठरवा, बुधवार-शनिवार, आणि भिंतीवर खूण करा. आजारी असेल तेव्हा थांबवून नर्सताईला विचारा.

थांबा: अख्खे फल्लीदाणे, फुटाणे, अख्खं द्राक्ष, बोर, कडक गोळी लहान मुलाच्या हातात कधीच नको. घशात अडकतं आणि दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळत नाही. दाणे द्यायचे ते कुटूनच.

७. आता पुडा काढा, एक एक वेळ करून

वाटी बसली, डबी भरली, आता कागद बाहेर काढा. सगळ्या वेळा एकदम बंद नाही. सगळ्यात सोपी वेळ आधी, जेव्हा आई घरी असते, म्हणजे बहुतेक घरात संध्याकाळ. तीन-चार दिवस ती एकच वेळ बदला. मग बाबांची रात्रीची. मग अकराची. आजीच्या हातची सकाळची सगळ्यात शेवटी.

पुडा मागायच्या आधी वाटी समोर यायला पाहिजे. कागदावर ९ असेल तर पावणेनऊला. भुकेने रडायला लागलं की मग ते पुड्याकडेच बोट करणार आणि तुम्ही हरणार.

आजीशी बोलायचं ते भांडून नाही. मला एका आजीने उंबऱ्यातच थांबवलं होतं, "काहून वं, आम्ही काय लेकरं वाढवली नाही का? माह्या पाचही पोट्ट्यायनं चहा-बिस्कीट खाल्लं." मी म्हटलं, आजी, तुमच्या वेळी बिस्कीट रोज होतं का घरात? तर स्वतःच हसली, "नाही वं, कुठलं रोज, आजारी पडलं की आणायचे." मग तुमच्या सासूबाई काय भरवायच्या? "आंबील, कण्या, सातू." मग तेच तर मागतेय मी आजी. त्या दिवसापासून सातू तीच भाजते, सुनेला हात लावू देत नाही.

पुडा वाचायलाही शिकवा. मागे बारीक अक्षरात १०० ग्रॅममागे साखर लिहिलेली असते, ग्लुकोजच्या बिस्कीटात ती साधारण चौथा भाग निघते. चार बिस्कीटं मांडा आणि त्यातलं एक बाजूला काढा, ही नुसती साखर. उरलेल्यात मुख्यतः मैदा आणि पामतेल. "ग्लुकोज", "दूध", "ताकद" हे समोरचे मोठे शब्द, खरं काय ते मागे.

किराणा दुकानदाराशीही बोला. वस्तीत माल वहीवर येतो आणि मोठं पोट्टं धावत जाऊन पुडा आणतं, भाऊ वहीत लिहून टाकतात. त्यांना सांगा, मी स्वतः आल्याशिवाय पाचचे पुडे लिहू नका. बहुतेक भाऊ ऐकतात.

मोठी भावंडं? त्यांचं एका दिवसात सुटणार नाही आणि त्यावर आत्ता जीव काढू नका. नियम एकच, धाकट्यासमोर फाडायचा नाही. घरात पुडा ठेवायचाच नाही, ठेवला की पिशवीचा आवाज लेकरू ओळखतं, खरंच ओळखतं, रांगत येतं. बाबांनी येताना काहीतरी आणायची सवय मोडू नका, वस्तू बदला: दोन केळी, संत्री, मोठ्यांसाठी मुर्रा-फुटाणे.

रडेल. तीन-चार दिवस नक्की. त्या वेळात तोंड दाबून भरवू नका, मोबाईल लावून भरवू नका, वाटी उचलून ठेवा आणि अर्ध्या-पाऊण तासाने परत आणा. मधे पुडा दिला तर लेकरू एवढंच शिकतं की जास्त रडलं की मिळतं, आणि पुढच्या वेळी तुम्हाला दुप्पट रडून दाखवतं.

८. आजारपणात घसरू नका

जुलाब-तापात "निदान बिस्कीट तरी खातंय" म्हणून सगळं परत सुरू होतं. जुलाबात अंगावर दूध चालू ठेवा, ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, झिंकच्या गोळ्या पूर्ण १४ दिवस, तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले तरी. डब्यातला गोड ज्यूस म्हणजे ओआरएस नव्हे. खाणं थोडं थोडं, जास्त वेळा, मऊ खिचडी, केळ. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक वाटी जास्तीची.

९. महिन्याला एकदा मोजा

अंगणवाडीत वजन, आणि कार्डावरची रेघ स्वतः बघा, ताईला विचारा वर चालली की आडवी. दोन महिने आडवी राहिली तर थांबू नका, दवाखान्यात दाखवा. दंडाची पट्टी ११.५ ते १२.५ च्या मधे म्हणजे पिवळी, तेव्हा दर आठवड्याला अंगणवाडीत जा. नऊ महिने पूर्ण झाल्यावरच्या गोवराच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा डोस असतो, तो चुकवू नका.

वजनाच्या दिवशी पहिल्या टप्प्यातला कागदही परत एकदा लिहा. पुड्याच्या वेळा पाचवरून दोनवर आल्या असतील तर चांगलं चाललंय. शून्य व्हायला दोन-अडीच महिने लागतात, लागू द्या.

आणि लग्नसराईत, गावाला जाताना, एसटीत, सातूची डबी आणि वाटी-चमचा पिशवीत वर ठेवा, खाली कपड्यात नाही. बसस्टँडवर चहावाल्याकडे उकळतं पाणी मिळतं, दोन रुपये मागेल, बहुतेक मागतही नाही.